सोमवार ते शनिवार: नव्या विश्वासणाऱ्यासाठी रोजच्या साक्षीची पावलं

नुकताच बाप्तिस्मा झाला असेल, दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) वर्ग संपवून पहिल्यांदा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणाची भाकर आणि प्याला, घेतलं असेल, किंवा बऱ्याच वर्षांनी पुन्हा देवळाची, म्हणजे चर्चची, पायरी चढला असाल, तर एक प्रश्न पडतोच: आता रोज करायचं काय? रविवारचं कळतं. उपासना असते, गीतं असतात, पाळकसाहेब संदेश देतात. सोमवारी सकाळी मात्र तेच ऑफिस, तीच लोकल, तेच घर. ‘साक्ष द्या’, म्हणजे लोकांना ख्रिस्त दाखवा, असं सगळे सांगतात, पण ती कशी द्यायची हे शेजारी बसवून फारसं कुणी सांगत नाही. मग नव्या माणसाचा समज होतो की साक्ष म्हणजे बोलणं, म्हणजे गाडीत पत्रक वाटणं, स्टेटसला वचन ठेवणं, कुणी भेटलं की विषय देवावर नेणं.

माझं सांगणं वेगळं आहे. तुमच्या विश्वासाची परीक्षा सगळ्यात आधी अशा माणसांपाशी होते ज्यांना तुमच्यासमोर तोंड उघडता येत नाही: घरकामाला येणाऱ्या मावशी, हाताखाली नवा लागलेला मुलगा, दुकानातला पोऱ्या, घरातली धाकटी सून, सोसायटीचा वॉचमन. तुम्ही कसे आहात हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. त्यांना तुमच्या वागण्यात ख्रिस्त दिसला नसेल तर बाकीच्यांपुढे कितीही बोललात तरी ते पोकळच राहणार. पुढची पावलं मी याच हिशोबाने लावली आहेत, बोलण्याचं पाऊल मुद्दाम शेवटाकडे ठेवलं आहे. सगळी एकदम उचलू नका. एक अंगवळणी पडलं की दुसरं घ्या.

पहिलं पाऊल: सकाळची वेळ बांधून घ्या

‘वेळ मिळेल तशी प्रार्थना करीन’ म्हणणाऱ्याला वेळ मिळत नाही. येशूसुद्धा पहाटे, अजून अंधार असताना उठून एकांतात जाऊन प्रार्थना करत असे (मार्क १:३५). दानीएल परक्या राजाच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होता, कामाला तोटा नव्हता, तरी दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत होता (दानीएल ६:१०). तुम्ही पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा. पाणी यायच्या आधी, डब्याची घाई सुरू व्हायच्या आधी, किंवा मुलं शाळेला गेल्यावर. लोकलमध्ये बसायला मिळत असेल तर तिथेही चालेल. फक्त वेळ आणि जागा रोज तीच असू द्या, आणि फोन हातात असेल तर निदान नेट बंद ठेवा.

काय वाचायचं? मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूच्या जीवनाचं एक पुस्तक. चारही शुभवर्तमानांत ते सगळ्यात लहान आहे, १६ अध्याय, रोज एक. त्यानंतर लूक घ्या, मग याकोबाचं पत्र. पुष्कळ जण उत्साहात बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात करतात आणि लेवीयाच्या पुस्तकात पोचेपर्यंत दमतात. ते पुढे वाचाच, पण आधी येशू लोकांशी कसा वागला हे डोळ्यांखालून जाऊ द्या. भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतली भाषांतरंही मिळतात. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं याच कामात घातली. साध्या बाईमाणसाला वाचून समजावं म्हणून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि त्यांनी केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशन या आश्रमातल्या स्त्रियांनीच ते छापलं. तेव्हा सोपं बायबल वाचण्यात कमीपणा मानू नका.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा. मग त्या दिवशी ज्यांच्याशी गाठ पडणार आहे अशा तीन जणांची नावं घ्या, त्यात एक नाव ज्याच्याशी तुमचं जमत नाही त्याचं असू द्या. ही एवढीशी गोष्ट फार काम करते. सकाळी ज्याच्यासाठी प्रार्थना केली त्याच्यावर अकरा वाजता खेकसणं अवघड जातं.

रात्री झोपताना दोनच प्रश्न स्वतःला विचारा: आज कुणाला दुखावलं? आणि उद्या त्याच्यापाशी जाऊन काय बोलायचं? उत्तर वहीत एका ओळीत लिहा. राग घेऊन सूर्य मावळू देऊ नका असं प्रेषित पौल इफिसकरांना पत्रात लिहितो, आणि येशू तर सांगतो की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर (मत्तय ५:२३-२४). हा क्रम लक्षात ठेवा. भक्ती थांबू शकते, समेट थांबू शकत नाही.

दुसरं पाऊल: घर

घरातले सगळे ख्रिस्ती असतील तर कौटुंबिक प्रार्थनेची सवय लावा, रात्री जेवणानंतर दहा मिनिटं पुरे. लहान मुलांनाही पाळीपाळीने वाचू द्या, अडखळली तरी.

पण या लेखाचे बरेच वाचक घरात एकटेच विश्वासणारे असतील. त्यांच्याशी जरा सविस्तर बोलायला हवं, कारण साक्षीच्या नावाखाली घरं दुखावलेली मी पाहिली आहेत. मुलगा बाप्तिस्मा घेऊन येतो आणि दुसऱ्याच दिवशी आईच्या देवघरावर बोलू लागतो. आईला कळतं ते एवढंच, की पोरगा आपल्यापासून तुटला. असं करू नका. आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा तुमच्या बाप्तिस्म्याबरोबर रद्द झालेली नाही, उलट आता ती तुम्ही जास्त मनापासून पाळायला हवी.

घरच्यांना ही बातमी तुमच्याच तोंडून कळू द्या, शेजाऱ्यांकडून नव्हे. सांगताना काय बदललं याआधी काय बदललेलं नाही ते सांगा: मी तुमचाच आहे, पगार पूर्वीसारखाच घरात देणार आहे, दवाखान्याला मीच घेऊन जाणार आहे. मग ते करून दाखवा. लग्नकार्य, बारसं, मयत, सगळीकडे जा. खुर्च्या लावा, पंगतीत वाढा, रात्री म्हाताऱ्या पाहुण्यांना एसटी स्टँडवर पोचवा. एखादा विधी तुमच्या विवेकाला पटत नसेल तर घरातल्या मोठ्यांना ते आठवडाभर आधी, एकट्यात, नम्रपणे सांगा. भर मांडवात, चार लोकांसमोर, ऐन वेळी नकार देणं म्हणजे विश्वास नव्हे, ते घरच्यांचं डोकं खाली घालायला लावणं आहे.

आपल्याकडे याचं एक मोठं उदाहरण आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षं नवराबायको वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळंओवळं लगेच सोडलं नाही, आणि टिळकांनी ते बळाने सोडायला लावलं नाही. जातपात माणसाने केली आहे, देवाने नाही, हे त्यांचं त्यांना उमगलं आणि १९०० मध्ये त्यांनी आपल्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. त्यांनी स्वतःच्या आठवणींत हे सगळं मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. टिळकांसारख्या तापट माणसाला जर इतकी वर्षं थांबता आलं, तर तुम्हालाही येईल.

तिसरं पाऊल: घरातल्या कपाकडे बघा

तुमच्या स्वयंपाकघरात घरकामाच्या मावशींचा कप वेगळा आहे का? मोरीजवळच्या फळीवर, जरा टवका उडालेला, बाकीच्या कपांत न मिसळणारा? असेल तर साक्षीची सुरुवात तिथून करा. आज संध्याकाळी तो कप काढून टाका आणि उद्या चहा घरातल्याच कपात, बसायला खुर्ची देऊन द्या.

मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण मराठी मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्येही, जात मुरलेली आहे. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), जालना या भागांतल्या आपल्या मंडळ्या बहुतांशी गावकुसाबाहेरच्या माणसांनी उभ्या केल्या. पाणवठ्यावर ज्यांना हाकललं जायचं त्यांनीच आपल्याला देवळं दिली. तरीही लग्न जुळवताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हळूच विचारला जातोच. ख्रिस्तात यहूदी-ग्रीक, दास-स्वतंत्र असा भेद उरत नाही (गलती ३:२८) हे वचन आपण पाठ म्हणतो. ते पाळायची जागा म्हणजे सोयरीक आणि स्वयंपाकघर. नवा विश्वासणारा म्हणून तुम्ही तो प्रश्न विचारू नका, आणि तुमच्यादेखत कुणी विचारला तर गप्प बसू नका.

पगाराचंही तसंच. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवून घेऊ नको अशी स्पष्ट आज्ञा आहे (लेवीय १९:१३), आणि अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानांपर्यंत ओरडत जाते असं याकोब म्हणतो (५:४). तेव्हा ठरल्या तारखेला पैसे हातात द्या, मागायला लावू नका. सुट्टे नाहीत म्हणून उद्यावर ढकलू नका. आठवड्याची एक सुट्टी पगारी द्या. मूल आजारी आहे म्हणून दोन दिवस खाडा झाला तर पैसे कापू नका. गावी जाताना आगाऊ रक्कम मागितली तर चौकशी न करता जेवढी झेपेल तेवढी द्या. हे सगळं करताना ‘आम्ही ख्रिस्ती आहोत म्हणून’ असं एकदाही म्हणू नका. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हे येशूचं सांगणं इथे अक्षरशः लागू आहे.

चौथं पाऊल: कामाची जागा

पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो की शांतपणे राहा, आपापला व्यवसाय करा, स्वतःच्या हातांनी काम करा, म्हणजे बाहेरच्या लोकांशी तुमचं वागणं सभ्यतेचं राहील (१ थेस्सल. ४:११-१२). इतकं साधं सांगणं आहे. कामावर वेळेवर जा. बायोमेट्रिकला अंगठा लावून चहाला पळू नका. प्रवासभत्त्याच्या बिलात रिक्षाचे नव्वद झाले असतील तर नव्वदच लिहा. मेडिकल बिलं दुकानदाराकडून ‘करून’ घेऊ नका. हाताखालच्या मुलाने केलेलं काम वरिष्ठांना दाखवताना त्याचं नाव घ्या. तुमच्यामुळे झालेली चूक त्याच्या माथी मारू नका.

आमच्या मंडळीत एक किराणा दुकानदार आहेत. त्यांच्या दुकानात धर्माची कुठली पाटी नाही, भिंतीवर एक साधा लाकडी क्रूस तेवढा आहे. काट्यावर आधी रिकामी पिशवी ठेवतात, आकडा शून्यावर आणतात, काटा गिऱ्हाइकाकडे वळवतात आणि मग डाळ ओततात. डाळ जुनी असेल तर ‘ही मागच्या महिन्यातली आहे, शिजायला वेळ लागेल’ असं आपणहून सांगतात. गल्लीतल्या बायका लहान पोराला चिठ्ठी आणि पाचशेची नोट देऊन त्यांच्याकडे पाठवतात, कारण माल आणि मोड दोन्ही बरोबर येणार याची खात्री असते. खोटं माप परमेश्वराला वीट आणतं असं नीतिसूत्रांत आहे (११:१), आणि त्या काट्यासमोर उभं राहिलं की त्या वचनाचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. नव्या विश्वासणाऱ्यांना मी बऱ्याचदा त्यांच्याकडेच पाठवते.

काम आणि भक्ती यांची फारकत आपल्या पूर्वजांनी केली नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या उपाशी मुलींना रमाबाईंनी केडगावला आसरा दिला तेव्हा प्रार्थनेइतकंच विणकाम आणि छपाई शिकवण्यावर त्यांनी भर दिला. मुलगी आपल्या पायावर उभी राहणं हा त्यांच्या लेखी सुवार्तेचाच भाग होता.

कधीतरी असा प्रसंग येईल की वरिष्ठ खोट्या कागदावर सही मागतील. तेव्हा वचन ऐकवू नका. सरळ आणि शांतपणे म्हणा: ‘साहेब, ही रक्कम मला टाकता येणार नाही. खरी रक्कम टाकून आत्ता दहा मिनिटांत तयार करून देतो.’ नकारासोबत काम पूर्ण करायची तयारी दाखवली की पुष्कळदा विषय तिथेच संपतो. नेहमी संपेलच असं नाही. बढती हुकेल, बदली होईल. अशा वेळी एकट्याने सोसू नका. मंडळीतल्या एखाद्या ज्येष्ठ नोकरदाराला भेटा, काय झालं ते तारीखवार लिहून ठेवा, आणि घरात आधी सांगा, कारण पगाराचा फटका घरालाही बसणार असतो.

पैसा

इथे थोडक्यात. पगार झाला की दानाची रक्कम आधी वेगळ्या पाकिटात काढा. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं, असं पौलाने करिंथकरांना सांगितलं ते व्यवहारालाही सोपं आहे. दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, जमत नसेल तर जे जमेल तिथून सुरुवात करा, कुणी हिशोब विचारला तर वाईट वाटून घेऊ नका आणि दबावाला बळीही पडू नका, कारण कुरकुरत दिलेलं देवाला नको आहे. मात्र जुनी उसनवारी बाकी असेल तर दानाच्या आधी ती फेडा. जक्कय जकातदार होता. येशू घरी आला तेव्हा त्याने गीत म्हटलं नाही, ज्यांचं फसवून घेतलं त्यांना चौपट परत करतो म्हणाला (लूक १९:८). तुमच्यावर कुणाचे पैसे आहेत याची यादी करा आणि या महिन्यात पहिलं नाव खोडा.

पाचवं पाऊल: शेजार आणि सण

नाताळला आपल्या घरोघरी करंज्या, शंकरपाळे, चकल्या होतात. फराळाचं ताट शेजारी नेऊन द्यायची रीत तुम्हीही धरा, आणि दिवाळीत शेजाऱ्यांचं ताट येईल ते आनंदाने घ्या. ईदला शेजारच्या घरी जाऊन बसा. गणपतीत बोलावलं तर जा, घरातल्या आजींशी गप्पा मारा, मुलांच्या आराशीचं कौतुक करा.

मग प्रसादाचं काय? नव्या माणसाला हा प्रश्न फार छळतो. पौलाच्या काळात करिंथात हाच प्रश्न मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा होता. त्याचं उत्तर असं: बाजारात जे मिळतं ते चौकशी न करता खा. कुणी जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते खा. पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर, सांगणाऱ्याच्या विवेकाखातर, खाऊ नका (१ करिंथ. १०:२५-२८). मराठी ख्रिस्ती लोकांत आजही दोन्ही रीती आहेत. काही जण प्रेमाने दिलेलं म्हणून घेतात, काही हात जोडून नको म्हणतात. तुम्ही तुमच्या पाळकांशी बोलून, प्रार्थना करून ठरवा. नको असेल तर ‘आमच्याकडे आम्ही घेत नाही, पण तुमच्याकडे यायला मला फार आवडतं’ एवढं हसून म्हणा आणि थोडा वेळ बसा. घेऊन मागे कुठेतरी टाकून देऊ नका, ते खोटं आहे आणि अपमानही. मूर्तीवर भाषण तर मुळीच नको. आणि मंडळीत तुमच्यापेक्षा वेगळं ठरवणाऱ्याला नावं ठेवू नका. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय नेमका याचसाठी आहे.

शेजार म्हणजे सणच नव्हे. सोसायटीच्या मीटिंगला जा. टाकी धुवायची असेल, कचऱ्याच्या गाडीचं ठरवायचं असेल, वॉर्डात अर्ज द्यायचा असेल, तर कंटाळवाणं काम अंगावर घ्या. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात उतरले ते पाणी, शेती आणि झाडं वाचवायला, आणि त्यांच्याबरोबर सगळ्या धर्मांचे वसईकर होते. त्यांनी धर्मगुरुपण बाजूला ठेवून हे केलं नाही, धर्मगुरू होते म्हणून केलं. देवाने निर्माण केलेल्या जमिनीची राखण हीसुद्धा उपासना आहे, असं मला मनापासून वाटतं.

सहावं पाऊल: दुखणाइतापाशी जा

एकच पाऊल नीट टाकायचं ठरवलंत तर हे टाका. आजारात माणूस एकटा पडतो आणि त्याच्याजवळचा नातेवाईक त्याहून एकटा. याफोच्या टबीथा नावाच्या शिष्येबद्दल बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात एका भाषणाचाही उल्लेख नाही. ती गेली तेव्हा विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं दाखवत उभ्या होत्या (९:३९). तिची साक्ष कपड्यांच्या टाक्यांत होती.

दवाखान्यात जायची एक पद्धत आहे, ती सांगते. आधी फोन करून विचारा, कधी आलेलं चालेल. भेटायच्या वेळेतच जा. दोघांपेक्षा जास्त जाऊ नका. फुलं, अगरबत्तीच्या वासाचं काही नेऊ नका. पेशंटसाठी काय न्यायचं याचा विचार करण्यापेक्षा पलंगाशेजारच्या बाकड्यावर रात्र काढणाऱ्या बाईसाठी थर्मासात चहा, दोन चपात्या-भाजी, फोनचा चार्जर आणि सुट्टे पैसे न्या. तिला म्हणा, ‘तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून या, तोवर मी बसते.’ आणि खरंच बसा. पेशंटला ‘कसं झालं, डॉक्टर काय म्हणाले’ असं पहिल्यापासून सांगायला लावू नका. तुमच्या ओळखीत असाच आजार होऊन कोण गेलं ते तर तोंडातून काढू नका.

प्रार्थना करायची असेल तर आधी विचारा: ‘मी तुमच्यासाठी दोन शब्द प्रार्थना करू का?’ नको म्हटलं तर मनापासून ‘बरं’ म्हणा आणि चहा ओता. हो म्हटलं तर हळू आवाजात, मिनिटभर, साध्या मराठीत करा. शेजारच्या खाटेवर दुसरा पेशंट आहे हे विसरू नका. आणि कधीही, कुणालाही, ‘विश्वास ठेवला तर बरे व्हाल’, ‘औषध बंद करा’ असं सांगू नका. त्याने माणूस मरू शकतो. पौलाचा सोबती लूक स्वतः वैद्य होता. विल्यम वॉनलेस या कॅनडाच्या डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उभारलं तेव्हा शस्त्रक्रिया आणि प्रार्थना एकाच छपराखाली चालल्या. आपली परंपरा ही आहे.

घरी परत आलेल्या पेशंटला तिसऱ्या आठवड्यात भेटायला जा. पहिल्या आठवड्यात सगळे येतात.

सातवं पाऊल: आता बोला

असं वागत राहिलात तर कधी ना कधी कुणीतरी विचारेल, ‘तुम्ही हे का करता?’ पेत्र म्हणतो त्याप्रमाणे, तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने (१ पेत्र ३:१५). ‘विचारणाऱ्याला’ हे विसरू नका.

उत्तराची तयारी अशी करा. कागदावर तीन गोष्टी लिहा: आधी माझं आयुष्य कसं होतं, येशूची ओळख कुठे आणि कशी झाली, आता काय बदललं. तीन मिनिटांत सांगता येईल इतकंच. ‘आशीर्वादित’, ‘तारणप्राप्त’ असे मंडळीत चालणारे शब्द काढून टाका, शेजारच्या काकूंना कळेल अशी भाषा ठेवा. पूर्वायुष्य भडक करून सांगू नका. ज्यात बदल झाला नाही तेही कबूल करा. राग अजून येत असेल तर येतो म्हणा. दुसऱ्याच्या धर्माबद्दल एकही वाकडा शब्द नको. टिळकांनी ख्रिस्ताची गाणी अभंगात आणि कीर्तनात बांधली, कारण तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते मानत. आपल्या मातीचा असा आदर बाळगून बोलणाऱ्याचं लोक ऐकतात.

काही गोष्टी अजिबात करू नका. नोकरी, फी, औषध, धान्य यांची मदत आणि विश्वासाची गोष्ट एकमेकांना कधी बांधू नका. मदत करायची तर बिनशर्त करा. घरच्यांना अंधारात ठेवून अल्पवयीन मुलांना प्रार्थनेला नेऊ नका. संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपला धर्म पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिला आहे, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केलं आहे की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. जोरजबरदस्ती, आमिष, फसवणूक यांविरुद्ध अनेक राज्यांत कायदे आहेत. कायदा नसता तरी ख्रिस्ताने कुणाला ओढून आणलेलं नाही. श्रीमंत तरुणावर येशूने प्रेम केलं, आणि तो खिन्न होऊन निघाला तेव्हा त्याला जाऊ दिलं (मार्क १०:२१-२२).

व्हॉट्सॲपबद्दल एवढंच सांगते: कुठे चमत्कार झाला, कुठे हल्ला झाला, असे निरोप खात्री केल्याशिवाय पुढे ढकलू नका. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा फॉरवर्ड करणाऱ्यालाही लागू आहे. आणि रोज सकाळी साठ जणांना वचनाचं चित्र पाठवण्यापेक्षा एका माणसाला ‘काल तुमच्या बाबांचं ऑपरेशन होतं ना, कसे आहेत?’ असं विचारा.

कुणी देवळात यायचं म्हटलं तर

एखादा मित्र किंवा शेजारीण म्हणेल, ‘एकदा तुमच्याबरोबर येऊन बघू का?’ आनंदाने हो म्हणा आणि तयारी करा. उपासना किती वाजता सुरू होते आणि साधारण किती वेळ चालते ते आधी सांगा, म्हणजे घरी सांगून येता येईल. चपला कुठे काढतात, बायका-पुरुष वेगळे बसतात का, केव्हा उभं राहायचं, हे वाटेतच सांगून ठेवा. दानाची थैली फिरेल तेव्हा काही घालायची गरज नाही हेही सांगा. प्रभुभोजन असेल तर ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, तुम्ही शांतपणे जागेवर बसा, मीही हवं तर तुमच्याबरोबर बसते, असं म्हणा. पाळकसाहेबांना आदल्या दिवशी कळवा आणि विनंती करा की पाहुण्याला सगळ्यांसमोर उभं करून नाव विचारू नये. शेवटून तिसऱ्या-चौथ्या बाकावर, कडेला, त्यांच्या शेजारी बसा, गीताचं पुस्तक दोघांत एक धरा. उपासना संपल्यावर चार जणांनी घेरून प्रश्न विचारायला सुरुवात केली तर त्यांना अलगद बाहेर काढा, कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्या आणि इकडचं तिकडचं बोला. दुसऱ्या दिवशी ‘मग, काय ठरवलं?’ म्हणून फोन करू नका. त्यांना काही विचारायचं असेल तर ते विचारतील. नाही विचारलं तरी पुढच्या शनिवारी त्यांच्या मुलाची परीक्षा आहे हे लक्षात असू द्या.